प्रकल्प नोंदी : बाबांचा पीएफ, आईची पेन्शन

५ फेब्रुवारी २०२४

बाबा १९ जानेवारीला गेले. दिवसकार्य उरकलं, पाहुणे परतले आणि आता कागदांचं काम समोर आहे. ते मी माझ्याकडे घेतलंय. धाकट्या भावाची परीक्षा तोंडावर आहे आणि आईला इतक्यात कुठल्याही खिडकीसमोर उभं करायचं नाही. ऑफिसात प्रकल्प सांभाळते तशाच इथे नोंदी ठेवणार आहे: तारीख, काय कळलं, कोणता कागद कुणाला दिला, पोच कुणाकडून घेतली.

आधी कामाची व्याप्ती. बाबांचं वय ५६, खाजगी कारखान्यात नोकरी, आणि ते नोकरीत असतानाच गेले. भेटायला आलेला प्रत्येक जण ‘पीएफ काढून घ्या’ एवढंच सांगून गेला. नियम वाचल्यावर कळलं की पीएफच्या खात्यामागे तीन निरनिराळ्या योजना चालतात. १९५२ ची भविष्य निर्वाह निधी योजना, १९७६ ची ठेवसंलग्न विमा योजना म्हणजे ईडीएलआय, आणि १९९५ ची पेन्शन योजना. ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवेच्या वर्षांवर मिळणारी एकरकमी रक्कम, चौथी. तिचा पीएफ कार्यालयाशी संबंध नाही, ती थेट कंपनीकडून यायची. या चारही रकमांचे हिशेब वेगळे आणि त्या कुणाला मिळणार याचे नियमही सगळे एकसारखे नाहीत. एक हातात पडली की दुसरी मागोमाग येईल असं नाही, प्रत्येक रक्कम मागावी लागते. पहिली रक्कम खात्यात आली की घरातले सुटकेचा श्वास टाकतात आणि बाकीच्या तशाच राहतात, हे मला आमच्या घरात होऊ द्यायचं नाही.

मृत्यू दाखल्याच्या जादा प्रती आजच मागवल्या. झेरॉक्स पुष्कळ ठिकाणी चालते, पण पडताळणीला मूळ प्रत मागतात आणि एकच मूळ प्रत असली की सगळी कामं एकमेकांची वाट बघत बसतात.

११ फेब्रुवारी

बाबांची पेटी उघडली. आई शेजारी बसली होती. बाबांनी कागद वर्षवार लावून, जाड दोऱ्याने बांधून ठेवले होते. त्यातून या कामाचे तीन कागद निघाले.

एक, यूएएन, म्हणजे पीएफ खातेदाराचा कायमचा क्रमांक, लिहिलेली चिठ्ठी. दोन, पहिल्या कंपनीत रुजू होताना भरलेल्या फॉर्म २ ची, म्हणजे वारस नोंदीची, कार्बन प्रत. तीन, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं एक प्रमाणपत्र, वर ‘योजना प्रमाणपत्र’ असं छापलेलं. घडीवर कागद विरत आलाय, पण शिक्का स्पष्ट वाचता येतो. त्यात पहिल्या कंपनीतली पेन्शनपात्र सेवा लिहिली आहे: १० वर्षं ७ महिने, १९९८ ते २००९.

हा तिसरा कागद सगळ्यात मोलाचा. बाबांनी २००९ मध्ये पहिली नोकरी सोडली तेव्हा तिथला पीएफ काढून घेतला होता, हे आईला आठवतंय. त्या पैशांतून घराचं वरचं बांधकाम झालं. पेन्शनची वर्षं मात्र तशी खर्च झाली नाहीत. दहा वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्याला फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे पैसे काढता येतात, आणि काढले की ती वर्षं पुसली जातात. दहा वर्षं भरली असतील तर पैसे मिळत नाहीत, सेवा नोंदवलेलं हे प्रमाणपत्र मिळतं. पुढच्या नोकरीची वर्षं त्यात मिळवली जातात. म्हणजे बाबांची पहिली साडेदहा वर्षं या घडी केलेल्या कागदात जिवंत आहेत. पेन्शनच्या अर्जाला मूळ प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवले.

पीएफच्या पासबुकाची ताजी प्रतही छापून घेतली. आईने रकाने नीट बघितले आणि विचारलं, ‘‘हे तिसऱ्या रकान्यातले, पेन्शनचे, तेही मिळतील ना?’’ तिला समजावलं ते इथेही लिहिते, कारण हा गैरसमज घरोघरी आहे. पगाराच्या १२ टक्के बाबांचे कापले जायचे, ते सगळे पीएफमध्ये जायचे. कंपनीही १२ टक्के भरते, पण त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत वळतात आणि उरलेले पीएफमध्ये. पेन्शनसाठी पगाराची मर्यादा १५,००० धरतात, म्हणून पासबुकात दर महिन्याला १,२५० चा आकडा दिसतो. पहिल्या दोन रकान्यांची शिल्लक व्याजासह हातात येते. तिसऱ्या रकान्याची बेरीज येत नाही, त्या रकान्याच्या बदल्यात दर महिन्याची पेन्शन मिळते. आई म्हणाली, ‘‘म्हणजे ते गेले तरी दर महिन्याला त्यांचंच काहीतरी येत राहणार.’’ मी हो म्हटलं.

२० फेब्रुवारी

बाबांच्या कंपनीत गेले. एचआरच्या बाई बाबांना वीस पावलांवरून ओळखायच्या, असं त्यांनीच सांगितलं. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग फाईल काढली. त्यांच्या मदतीची नोंद इथे राहायला हवी.

विचारायच्या गोष्टी लिहून नेल्या होत्या.

बाबांनी ई-नॉमिनेशन, म्हणजे ऑनलाइन वारस नोंद, केलेलं नव्हतं. केलेलं असतं तर आईला तिच्या मोबाईलवरच्या ओटीपीने घरबसल्या अर्ज करता आला असता. आता कागदी अर्ज, कंपनीच्या सही-शिक्क्यासह.

कंपनीने पीएफच्या पोर्टलवर नोकरी संपल्याची तारीख टाकली होती ३१ जानेवारी, आणि कारणाच्या जागी नोकरी सोडल्याचं कारण निवडलेलं होतं. पगार विभागाने महिनाअखेर सवयीने तसं टाकलं असणार, पण ही नोंद तशीच राहिली असती तर सगळाच अर्ज अडकला असता. विमा आणि विधवेची पूर्ण दराची पेन्शन, दोन्ही ‘सेवेत असताना मृत्यू’ यावर उभ्या आहेत. माणूस नोकरी सोडून नंतर गेला असं रेकॉर्ड म्हणत असेल तर त्याचा हिशेब निराळा होतो. तारीख १९ जानेवारी आणि कारण मृत्यू, अशी दुरुस्ती लेखी मागितली आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांनी अर्ज भरण्याआधी ही एक ओळ तपासावी. ती कंपनीच्या लॉगिनमधून भरली जाते आणि घरच्यांना कुणी दाखवत नाही.

विम्याबद्दल विचारलं. काही कंपन्या ईडीएलआयमधून सूट घेतात आणि त्याऐवजी स्वतःची गटविमा पॉलिसी काढतात. तसं असेल तर क्लेम विमा कंपनीकडे जातो, आणि पॉलिसीचा फायदा सरकारी योजनेपेक्षा कमी असून चालत नाही. इथे सूट घेतलेली नाही, क्लेम पीएफ कार्यालयातच.

ग्रॅच्युइटीचा फॉर्म एफ फाईलमध्ये होता, त्यावर आईचं नाव आहे. म्हणून अर्ज फॉर्म जे वर, नामनिर्देशित व्यक्ती म्हणून. नामनिर्देशन नसतं तर वारसाचा फॉर्म के लागला असता. फॉर्म जे तिथेच मिळाला.

२४ फेब्रुवारी

आज वारस नोंदीचा गुंता सोडवला. पेटीतल्या फॉर्म २ वर बाबांनी आजीचं, म्हणजे त्यांच्या आईचं, नाव लिहिलं आहे. तेव्हा त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. आजी जाऊनही बरीच वर्षं झाली. दुसऱ्या कंपनीच्या फाईलमधला फॉर्म २ कोराच आहे, फक्त सही आहे.

काकांनी फोनवर सांगितलं की वारसदाखला काढावा लागेल, कोर्टात जावं लागेल. मी पीएफ योजनेचा मजकूर काढून वाचला. परिच्छेद ६१ म्हणतो की सदस्याने लग्नानंतर नवं नामनिर्देशन करायचं, आणि लग्नाआधी केलेलं आपोआप रद्द समजलं जातं. तेव्हा आजीच्या नावाचा प्रश्नच उरला नाही. वैध नामनिर्देशन नसेल तर काय, हे परिच्छेद ७० मध्ये आहे: रक्कम कुटुंबातल्या व्यक्तींना समान वाटून. पण त्यातून सज्ञान मुलगे वगळले आहेत, आणि पती हयात असलेल्या विवाहित मुलीही. म्हणजे आमच्या घरात भावाला नाही, मला नाही, पूर्ण रक्कम आईला. विम्याच्या रकमेची वाटणीही याच धर्तीवर होते. वारसदाखल्याची गरज नाही.

रात्री भावाला फोन करून हे सांगितलं. त्याने लगेच म्हटलं, ‘‘ताई, तसंच असायला हवं.’’ मलाही तसंच वाटतं. ज्या बाईने इतकी वर्षं पहाटे उठून डबा भरून दिला, त्या कमाईवर पहिला हक्क तिचा असं कायदाच म्हणतोय. इतर मालमत्तेत मुलांचे हक्क असतात ते वेगळे, इथे ते लागू नाहीत.

मात्र पेन्शन योजनेत भावाला हक्क आहे. विधवेच्या पेन्शनच्या २५ टक्के प्रत्येक अपत्याला, एका वेळी दोन अपत्यांपर्यंत, वयाची २५ वर्षं पूर्ण होईतो. किमान २५० रुपये. मूल कायमचं अपंग असेल तर ही पेन्शन आयुष्यभर चालते. भाऊ मे २०२६ मध्ये पंचविशीचा होईल. दोन वर्षांहून जास्त काळ त्याच्या नावावर वेगळी रक्कम येईल, आणि ती आईच्या पेन्शनमधून कापली जात नाही. सज्ञान मुलाला काही मिळत नाही, असं धरून घरोघरी हा रकाना कोरा सोडतात.

६ मार्च

नावांचा दिवस. आईच्या आधारवर सासरचं पूर्ण नाव, बँकेच्या पासबुकात आडनाव आधी आणि मधलं नाव एका अक्षरात, शाळेच्या दाखल्यात माहेरचं नाव. पीएफ कार्यालय आधार आणि बँक ही दोन नावं जुळतात का ते बघतं, म्हणून आधी बँकेत आधारप्रमाणे नाव करून घेतलं. नवं चेकबुक मागवलं, नाव छापलेला चेक रद्द करून जोडायचा आहे. माहेरच्या नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र.

खातं आईच्या एकटीच्या नावावर ठेवलं. बँकेतल्या माणसाने माझं नाव जोडायचं सुचवलं, सोयीचं पडेल म्हणून. आई ठामपणे नको म्हणाली. बरं वाटलं.

१४ मार्च

कंपोझिट क्लेम फॉर्म भरला. पूर्वी पीएफसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०-डी आणि विम्यासाठी ५-आयएफ असे तीन वेगळे भरावे लागायचे. २०१७ पासून मृत्यूच्या प्रकरणात एकच एकत्रित फॉर्म आहे. पण त्यात कोणकोणते लाभ मागताय यावर खूण करावी लागते. तिन्हींवर खूण केली आणि तिन्ही खुणा भावाकडून परत तपासून घेतल्या. एक खूण राहिली तर ती रक्कम मागितलीच नाही असा अर्थ होतो.

पेन्शनच्या भागात आईच्या ओळखीच्या खुणा, उंची आणि नमुना सह्या हव्या होत्या. आई टेबलाशी बसली, चष्मा लावला आणि सही करण्याआधी एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर सराव केला. तीन सह्या सारख्या यायला हव्यात याची तिला काळजी होती. पहिल्या सहीत शेवटचं अक्षर किंचित वर गेलं, ती थांबली, पेन पुसलं, आणि पुढच्या दोन तशाच, शेवटचं अक्षर वर नेऊन, जुळवून केल्या. मग भावाच्या नावाचा रकाना, त्याचं स्वतःचं बँक खातं, जन्मदाखला. आईचे आणि त्याचे फोटो.

सोबत: मृत्यू दाखला, दोघांची आधार प्रत, रद्द चेक, मूळ योजना प्रमाणपत्र, विवाह दाखला, कुटुंबातल्या सगळ्यांची यादी. त्या यादीत माझंही नाव आहे, विवाहित म्हणून. हक्क नसला तरी कुटुंब पूर्ण दाखवायचं असतं, लपवलं असं वाटता कामा नये.

कंपनीने सही-शिक्का लगेच दिला. नोकरी संपल्याच्या कारणाची दुरुस्तीही झाली आहे, पडद्यावर बघून खात्री केली. कंपनी बंद पडलेली असती तरी वाट होती: राजपत्रित अधिकारी, दंडाधिकारी, बँक व्यवस्थापक, पोस्टमास्तर, सरपंच अशांचं साक्षांकन चालतं.

१५ मार्च

अर्ज दाखल. पोच मिळाली, आवक क्रमांक वहीत टिपला.

कार्यालयाबाहेर एका माणसाने थांबवून सगळं करून देतो, मिळेल त्यातले टक्के द्या असं सांगितलं. फॉर्म फुकट आहे, जमा करायला पैसे लागत नाहीत, आणि बाबांच्या कष्टाच्या रकमेत अनोळखी माणसाचा वाटा असण्याचं काही कारण नाही.

२८ मार्च

ग्रॅच्युइटीचा चेक आला, आईच्या नावाने. हिशेब: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून जास्त सेवा असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. बाबा या कंपनीत जून २००९ ला लागले, म्हणून १५ वर्षं. एरवी ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षांची अट असते, मृत्यूच्या प्रकरणात ती अट नाही. दोन वर्षं नोकरी झालेला तरुण गेला तरी घरच्यांना ती मिळते, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कमाल मर्यादा २० लाख, ती आमच्यापासून दूरच आहे.

कंपनीच्या आकड्यात आणि माझ्या आकड्यात थोडा फरक होता, कारण मी फक्त मूळ पगार धरला होता. महागाई भत्ता मिळवल्यावर जुळला.

१० एप्रिल

आईच्या खात्यात दोन वेगळ्या रकमा जमा झाल्या. बँकेच्या संदेशांवरून ओळखता येत नव्हतं म्हणून पोर्टलवर बघितलं. एक पीएफची शिल्लक व्याजासह, दुसरी ईडीएलआयचा विमा.

विम्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण चारांपैकी हीच रक्कम सगळ्यात जास्त घरांतून राहून जाते. ईडीएलआयसाठी कामगाराच्या पगारातून एक पैसा कापला जात नाही. कंपनी अर्धा टक्का भरते, १५,००० च्या मर्यादेवर महिन्याला ७५ रुपये. पगारपत्रकात त्याचा रकाना नसतो, पासबुकातही दिसत नाही. माणसाला आपला विमा आहे हे नोकरीभर कळतच नाही, आणि घरच्यांना कळायची वेळ येते तेव्हा सांगणारा कुणी नसतो.

रक्कम अशी निघते: शेवटच्या १२ महिन्यांचा सरासरी पगार, कमाल १५,००० धरून, त्याची ३५ पट. म्हणजे ५ लाख २५ हजार. त्यात पीएफच्या सरासरी शिलकेच्या निम्मी रक्कम, कमाल १ लाख ७५ हजार. एकूण कमाल ७ लाख. एप्रिल २०२१ पासून ही मर्यादा आहे, आधी ६ लाख होती. मृत्यूआधीचे १२ महिने सलग नोकरी असेल तर किमान अडीच लाख. बाबांचा पगार मर्यादेच्या वर होता आणि पंधरा वर्षांची शिल्लक साडेतीन लाखांहून पुष्कळ जास्त, म्हणून कमाल रक्कम मिळाली. फॉर्मवरची एक खूण राहून गेली असती तर हे ७ लाख मागायचेच राहिले असते.

आईने पासबुक भरून आणलं, आकड्यावर बोट ठेवून बराच वेळ बसली. मग म्हणाली, भावाचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत याला हात लावायचा नाही.

पेन्शनचा भाग मात्र परत आला आहे. शेरा: योजना प्रमाणपत्रावरचं सदस्याचं नाव आणि सध्याच्या रेकॉर्डमधलं नाव जुळत नाही.

१३ एप्रिल

शेरा बरोबर आहे. पहिल्या कंपनीने बाबांच्या वडिलांचं नाव नुसत्या आद्याक्षराने लिहिलं होतं आणि आडनावाचं स्पेलिंगही वेगळं. पहिली कंपनी केव्हाच बंद झाली.

ओळखीच्या एका निवृत्त लेखापालांनी सुचवलं की प्रमाणपत्राचा नाद सोडा, दुसऱ्या कंपनीच्या वर्षांवर पेन्शन घ्या, लवकर सुटेल. मी हिशेब मांडून बघितला.

सूत्र: पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवा, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, मर्यादेच्या आत. ऑगस्ट २०१४ अखेरपर्यंतची सेवा ६,५०० च्या मर्यादेने आणि त्यापुढची १५,००० च्या मर्यादेने मोजतात. बाबांची दोन्ही नोकऱ्यांची मिळून ढोबळ १६ वर्षं पहिल्या भागात आणि ९ वर्षं दुसऱ्या भागात.

६,५०० गुणिले १६ भागिले ७०, सुमारे १,४८६.
१५,००० गुणिले ९ भागिले ७०, सुमारे १,९२९.
एकूण सुमारे ३,४१४.

प्रमाणपत्र सोडून दिलं तर पहिल्या भागात १६ ऐवजी ५ वर्षं उरतात: ४६४ अधिक १,९२९, म्हणजे सुमारे २,३९३. या सूत्रात महिन्याला हजाराचा फरक. सेवेत असताना मृत्यू झाला तर विधवेला सदस्याची ही पूर्ण पेन्शन, किंवा योजनेतल्या तक्त्यातली रक्कम, किंवा किमान १,००० रुपये, यातली जी जास्त असेल ती मिळते. आणि भावाचे २५ टक्के आईच्या रकमेवरूनच निघतात. आई आज ५१ वर्षांची आहे. थोडी घाई वाचवायला तिच्या सगळ्या पुढच्या आयुष्यातून दर महिन्याला ही रक्कम वजा करायची, हे मला मान्य नाही. प्रमाणपत्र सोडणार नाही.

२९ एप्रिल

दुरुस्तीचा अर्ज आईच्या सहीने दिला. सोबत बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, आधार, दोन्ही नावांचं प्रतिज्ञापत्र, आणि पेटीतून निघालेलं पहिल्या कंपनीचं ओळखपत्र, ज्यावर फोटो आणि पीएफ क्रमांक दोन्ही आहेत. साक्षांकन राजपत्रित अधिकाऱ्याचं. ओळखपत्रावरचा क्रमांक आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक एकच आहे, ही गोष्ट पत्रात पहिल्याच ओळीत लिहिली. तपासणाऱ्याला फाईल उलटापालट करत शोधायला लागू नये.

खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने ओळखपत्र हातात घेऊन उजेडाकडे धरलं, क्रमांक स्वतः पडताळला आणि म्हणाला, हा कागद चांगला ठेवलात.

२४ मे

अजून निर्णय नाही. पूर्ण कागदपत्रांसह आलेला क्लेम २० दिवसांत निकाली काढावा, आणि पुरेशा कारणाशिवाय उशीर झाला तर त्या काळासाठी १२ टक्के व्याज आयुक्तांच्या पगारातून वसूल करावं, अशी तरतूद योजनेत आहे. तक्रारीच्या पोर्टलवर अर्ज टाकला. भाषा साधी ठेवली: आवक क्रमांक, दाखल तारीख, परत आल्याचं कारण, दुरुस्तीची तारीख, जोडलेले कागद.

वाचताना एक परिपत्रक दिसलं, याच महिन्यातलं. मृत सदस्याचं आधार जोडलेलं नसेल किंवा त्यात चूक असेल तर मृत्यूनंतर आधार दुरुस्त करता येत नाही आणि अशी प्रकरणं अडून राहतात. आता तसा क्लेम आधार न जोडता, प्रभारी अधिकाऱ्याच्या मंजुरीने आणि नीट पडताळणी करून कागदी पद्धतीने घेता येतो. आम्हाला लागू नाही. पण यूएएन २०१४ मध्ये आलं, त्याआधी नोकरी सोडलेल्यांच्या जुन्या खात्यांना आधार कुठून असणार? अशा घरांतल्या मुलांनी हे परिपत्रक दाखवून विचारावं, म्हणून इथे टिपून ठेवते.

१८ जून

पेन्शन मंजूर. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, आला: आईच्या नावाने विधवा पेन्शन, भावाच्या नावाने अपत्य पेन्शन. सेवेच्या रकान्यात दोन्ही नोकऱ्या धरलेल्या आहेत. पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून, २० जानेवारीपासून, मोजली आहे, थकबाकी पहिल्या हप्त्यासोबत येईल. मंजूर आकडा इथे लिहीत नाही, तो आईचा व्यवहार आहे.

ही रक्कम मोठी नाही, हे मला माहीत आहे. किमान पेन्शन १,००० रुपये ठरली २०१४ मध्ये आणि आजही तेवढीच आहे. पंचवीस वर्षं कारखान्यात उभं राहिलेल्या माणसाच्या बायकोला मिळणारा पैसा याहून जास्त असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. पगाराची मर्यादा वाढल्याशिवाय ते होणार नाही.

४ जुलै

थकबाकीसह पहिला हप्ता जमा. भावाचाही त्याच्या खात्यात. त्याने विचारलं, यातून परीक्षेची फी भरू का? आई म्हणाली, विचारतोस काय, तुझ्या बाबांनीच दिलेत.

माझ्या स्वतःच्या यूएएनमध्ये ई-नॉमिनेशन भरून टाकलं, नवऱ्याच्याही. फोटो, आधार, टक्केवारी, मग आधार ओटीपीने ई-साइन. ई-साइन होईपर्यंत नोंद पूर्ण होत नाही, ती अर्धवटच दिसत राहते. कॉलनीत बाबांबरोबर काम करणाऱ्या तिघांनी विचारलं, त्यांना रविवारी बसवून करून देणार आहे. दोघांच्या फॉर्म २ वर अजून वडिलांची नावं आहेत.

२१ जुलै

तिघांचंही ई-नॉमिनेशन झालं. एकाच्या मुलीचं आधारवरचं नाव चुकलंय, ते आधी सुधारायचं.

आमच्या कामातलं उरलेलं: हयातीचा दाखला. पेन्शनधारकाने तो दरवर्षी द्यायचा असतो, नाहीतर पेन्शन थांबते. या योजनेत नोव्हेंबरचीच सक्ती नाही, वर्षात केव्हाही द्या, दिल्या तारखेपासून एक वर्ष चालतो. बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवून डिजिटल दाखला घरूनही निघतो. आईला जवळची बँक बरी वाटते, ती तिकडे जाणार. तारीख तिने स्वतःच्या हाताने दिनदर्शिकेवर लिहिली आहे. भावाची पेन्शन मे २०२६ मध्ये थांबेल, तेही तिला सांगून ठेवलं, म्हणजे अचानक बंद झाली असं वाटणार नाही.

फाईल आईकडे सोपवली. वरून क्रमाने पीपीओ, पीएफ आणि विम्याच्या मंजुरीची पत्रं, ग्रॅच्युइटीचा हिशेब, सगळ्या पोचपावत्या. मूळ मृत्यू दाखल्याच्या दोन प्रती शिल्लक आहेत, त्या मागच्या कप्प्यात.